नाशिकमध्ये घर भाड्याने देणाऱ्यांसाठी हिवाळ्याची तयारी : कोजागिरीपासून पहिल्या कडाक्यापर्यंत

नाशिकमध्ये पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्या मालकाला हिवाळ्याची तयारी हा शब्दप्रयोग थोडा परका वाटतो. पावसाळ्यापूर्वी गच्ची पाहायची आणि उन्हाळ्यापूर्वी कूलर, इतके सगळ्यांना ठाऊक असते. थंडीसाठी माळ्यावरच्या रजया उतरवल्या की झाले, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या खाली जाणे नित्याचे आहे. निफाड-दिंडोरीकडे तर पारा आणखी उतरतो आणि द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा थंडीत भाडेकरू खिडक्या लावून घेतो, घरातल्या फटी बुजवतो आणि पाणी तापवण्याचे जे साधन हाताशी असेल ते वापरतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या हिवाळी तक्रारींचे मूळ जवळजवळ प्रत्येक वेळी या तीन गोष्टींत सापडले, आणि त्यांची तजवीज थंडी पडल्यावर नव्हे तर ऑक्टोबरातच करावी लागते, हे मी दोन-तीन हिवाळे चुकल्यावर शिकलो.

माझा इंदिरानगरमध्ये एक छोटा फ्लॅट आहे आणि पंचवटीतल्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या वडिलांच्या काळापासून भाड्याने दिलेल्या आहेत. पुढे जे लिहिले आहे ते या दोन अगदी वेगळ्या जागा सांभाळताना जमलेले आहे, त्यामुळे फ्लॅट, रो-हाऊस आणि जुने घर या तिन्ही प्रकारच्या मालकांना त्यातले काही ना काही लागू पडेल.

पहिली पायरी : पूर्वसूचना आणि पाहणी

आपल्याकडे पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो आणि दिवाळी उलटली की पहाटे गारवा जाणवू लागतो. कोजागिरी ते दिवाळी हा काळ कोरडा आणि उन्हाचा असतो आणि दुरुस्तीसाठी त्याहून चांगला काळ वर्षभरात मिळत नाही. मात्र गवंडी आणि रंगारी हे दोघेही दिवाळीपूर्वी हाती लागत नाहीत, म्हणून त्यांच्याशी दसऱ्यालाच बोलून ठेवावे.

घर आपल्या मालकीचे असले तरी त्या चार भिंतींत संसार दुसऱ्याचा चालू असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मालकाला जागेची पाहणी करता येते, परंतु ती पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. मी साधारण आठवडाभर आधी पुढीलप्रमाणे संदेश पाठवतो : ‘नमस्कार. पावसाळ्यानंतर घरातली ओल, गिझर आणि वायरिंग एकदा पाहून घ्यायचे आहे. येत्या रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला घेऊन येतो. ही वेळ गैरसोयीची असल्यास आपली सोयीची वेळ कळवावी.’ अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांत पाळीने काम करणारा भाडेकरू असेल, तर वेळ त्यालाच विचारावी. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला सकाळी दहाला उठवून त्याच्या भिंती ठोकून पाहणे बरे दिसत नाही.

शिकायला आलेली धुळे-जळगावकडची मुले दिवाळीत गावी जातात आणि घर आठ-दहा दिवस रिकामे असते. त्या दिवसांत काम उरकता येते, पण त्यासाठी भाडेकरूची लेखी संमती घ्यावी, कपाटे कुलूपबंद करून जाण्यास सांगावे आणि कामगार घरात असेपर्यंत स्वतः तेथे थांबावे. आपल्याकडे दुसरी किल्ली आहे म्हणून परस्पर आत शिरणे हा वादाचा हमखास मार्ग आहे.

पाहणीला गेल्यावर भिंतीकडे पाहण्याआधी भाडेकरूला विचारावे, की या पावसाळ्यात पाणी कोठे कोठे आले, कोणती खिडकी लागत नाही, कोणत्या बटनाला झटका लागतो. चार महिने त्या घरात राहिलेल्या माणसाच्या माहितीपुढे आपली अर्ध्या तासाची पाहणी फिकी असते. उत्तरे वहीत लिहावीत आणि प्रत्येक डागाचे तारीख येईल असे छायाचित्र काढून ठेवावे.

दुसरी पायरी : पावसाने मागे ठेवलेली ओल

हिवाळ्यात खोल्या बंद राहतात, स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ आतच कोंडते आणि आधीच दमट असलेल्या गार भिंतीवर तिचे पाणी होते. कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी आणि ऊन न येणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवर डिसेंबरात जी काळी बुरशी दिसते, तिचे हे कारण आहे. म्हणून भिंत थंडीपूर्वी वाळणे आवश्यक असते.

ओल कोठून येते हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. पावसाची ओल ऑक्टोबरच्या उन्हात हळूहळू आटते आणि डागाची कड पांढुरकी, पोपडे धरलेली दिसते. पाऊस थांबून तीन आठवडे झाले तरी जो डाग ओला राहतो किंवा वाढतो, तो बहुधा नळाच्या किंवा न्हाणीच्या पाईपचा असतो. अशा भिंतीवर बाहेरून कितीही वॉटरप्रूफिंग केले तरी उपयोग होत नाही. शंका असल्यास फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव धरले असेल, तर भिंत अजून आतून ओली आहे आणि रंग लावण्याची वेळ आलेली नाही. हा प्रयोग न करता मी एकदा भाडेकरूच्या आग्रहाखातर दिवाळीपूर्वी घाईने रंग लावून घेतला आणि संक्रांतीपर्यंत त्याच भिंतीचे पापुद्रे झाडूने गोळा केले.

कामांचा क्रम गच्ची आणि बाहेरच्या भिंतींपासून सुरू करावा, मग नळकाम, मग वीज, मग सुतारकाम आणि सर्वांत शेवटी रंग असा ठेवावा. गच्चीवर कोब्याला तडा असेल, कठड्याच्या पायाशी फट असेल किंवा पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पाईपाचे तोंड पाला-मातीने बुजले असेल, तर ते आधी पाहावे. सिमेंटच्या कामाला आठवडाभर पाणी मारावे लागते आणि गार हवेत ते काम पक्के होण्यास अधिक वेळ घेते, हेही दिवस मोजताना लक्षात ठेवावे.

फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असल्यास गच्ची आपली नसून सोसायटीची असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. त्यासाठी सचिवांना ऑक्टोबरातच छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मे महिन्यात दिलेल्या अर्जावर चर्चा होईपर्यंत पुढचा पावसाळा दारात उभा असतो.

तिसरी पायरी : गरम पाणी

या लेखातला हा भाग सर्वांत मोठा आहे, कारण नाशिकच्या हिवाळ्यात भाड्याच्या घरातला खरा धोका न्हाणीघरातच असतो.

गिझर न देणारा मालक पैसे वाचवत नाही, एवढे आधी समजून घ्यावे. गिझर नसलेल्या खोलीतला भाडेकरू पाणी गार आहे म्हणून आंघोळ सोडत नाही. तो बाजारातून पाणी तापवण्याचा रॉड आणतो, प्लॅस्टिकच्या बादलीत सोडतो आणि बटन चालू असतानाच पाणी तापले का हे बोट बुडवून पाहतो. रॉडचे आवरण फुटले असेल आणि घराला नीट अर्थिंग नसेल, तर ते बोट जिवावर बेतू शकते. म्हणून आयएसआय चिन्ह असलेला, साठवणीचा विजेवरचा गिझर मालकाने स्वतः बसवून द्यावा. दोघांसाठी १५ लिटरचा पुरतो, चौघांच्या कुटुंबाला २५ लिटरचा घ्यावा. तीन लिटरचा लगेच पाणी देणारा गिझर स्वयंपाकघरातल्या भांड्यांसाठी ठीक आहे, आंघोळीसाठी नाही. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असलेल्या ठिकाणी जास्त दाब सोसणारा, म्हणजे ८ बारचा गिझर मागून घ्यावा.

गिझर आधीपासून असेल, तर दर ऑक्टोबरात त्याची सर्व्हिसिंग करून घ्यावी. शहराच्या कडेच्या अनेक नव्या वसाहतींत बोअरचे पाणी वापरावे लागते आणि आपल्या काळ्या पाषाणातले हे पाणी बहुधा जड असते. त्यातले क्षार तापकाच्या कॉईलवर पांढऱ्या थराने बसतात, मग गिझर तापताना तडतडल्यासारखा आवाज करतो, वेळ जास्त घेतो आणि वीजही जास्त खातो. सर्व्हिसिंगच्या वेळी हा थर काढावा आणि टाकीला गंज लागू नये म्हणून आत जो मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो झिजला असल्यास बदलावा. पुष्कळ कारागीर हा दांडा पाहतच नाहीत, त्यामुळे तो बाहेर काढून दाखवण्यास सांगावे. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवावा. त्याहून वर नेल्यास क्षार अधिक बसतात आणि घरात लहान मूल असेल तर पोळण्याचीही भीती राहते.

गिझरला दाब सोडणारा एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि पाणी तापत असताना त्यातून अधूनमधून थेंब पडतात. हे गळणे नसून त्याचे कामच आहे. एकदा फ्लॅटमधल्या ताईंनी ‘गिझर गळतो’ म्हणून आपल्या ओळखीच्या माणसाला बोलावले आणि त्याने त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला चक्क बूच मारून दिले. पुढच्या पाहणीत माझ्या नजरेस ते पडले म्हणून बरे, कारण थर्मोस्टॅट बिघडला असता तर वाढलेल्या दाबाला बाहेर पडायला वाटच नव्हती. तेव्हापासून गिझरला हात लावणारा प्लंबर मीच पाठवायचा, असे मी करारातच घातले आहे.

आणखी एक तक्रार दर डिसेंबरात येते : ‘काका, गिझर पूर्वीसारखा तापत नाही.’ कारागीर बोलावण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. २ किलोवॅटचा गिझर १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास साधारण २५ मिनिटे घेतो आणि त्यात पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज जाते. उन्हाळ्यात टाकीतले पाणीच २८-३० अंशांचे असते, तेव्हा हेच काम १७-१८ मिनिटांत होते. हा फरक समजावून सांगितला की निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

आता गॅस गिझरविषयी. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या फ्लॅटच्या न्हाणीघरात गॅस गिझर होता आणि त्याच भिंतीवर वर काचेच्या पट्ट्यांची झडपांची खिडकी होती, तेव्हा हवा खेळती आहे या समजुतीने मी निर्धास्त होतो. जानेवारीतल्या एका सकाळी भाडे देताना तेथला मुलगा सहज म्हणाला, ‘काका, आंघोळ करून बाहेर आलो की डोकं गरगरतं, थंडीमुळे असेल.’ मी आत जाऊन पाहिले, तर द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा नेमका मापाने कापून त्या झडपांवर आतून बसवला होता आणि कडांना वर्तमानपत्राच्या सुरळ्या खोचल्या होत्या. इतके नेटके काम केले होते, की वाऱ्याची झुळूकही येत नव्हती. बंद जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि त्यानंतर माणूस शुद्ध हरपून आतून कडी लावलेल्या खोलीतच पडतो. मी त्याच दिवशी नळी काढून घेतली आणि चौथ्या दिवशी विजेचा गिझर बसवला. त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नव्हता; गार वारा येतो तेथे पुठ्ठा लावणे हे कोणीही केले असते, आणि ते होणार हे धरूनच मालकाने उपकरण निवडायला हवे होते.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : न्हाणीघरात गॅस गिझर ठेवू नये. तो ठेवणे भागच असेल, तर यंत्र आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, बंद न केलेल्या ड्राय बाल्कनीत असावेत आणि आत केवळ गरम पाण्याचा नळ जावा. काचा लावून बंदिस्त केलेली बाल्कनी यासाठी चालत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, तेव्हा सिलिंडर खालच्या खळग्यात किंवा बंद कपाटात ठेवू नये. वाड्यातल्या आमच्या एक आजी आजही तांब्याचा बंब पेटवतात, पण तो उघड्या अंगणात असतो. तोच बंब किंवा कोळशाची शेगडी रात्री खोलीत आणली, तर धोका अगदी गॅस गिझरसारखाच आहे आणि हे भाडेकरूंना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

गच्चीवर सोलर असल्यास नळ्यांवरची पावसाळ्यातली घाण धुऊन घ्यावी आणि गरम पाण्याच्या पाईपावरचे आवरण फाटले असेल तर बदलावे. सावलीचा मुद्दा मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून केवळ ४६-४७ अंशांवर असतो आणि भिंतीची सावली जवळपास तिच्या उंचीइतकीच लांब पडते. दक्षिणेकडची जी पाण्याची टाकी मे महिन्यात आड येत नव्हती, ती ऐन थंडीत नळ्या झाकते. सोलरचे पाणी हिवाळ्यातच गार येत असेल, तर यंत्राला दोष देण्याआधी दुपारी गच्चीवर जाऊन सावली पाहावी.

चौथी पायरी : वीज

२ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर आणि ३ किलोवॅटचा सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास आपोआप वीज तोडणारे बटन) आणि जाड तांब्याची वेगळी तार असावी. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसल्यास तो बसवून घ्यावा. गळका प्रवाह जिवावर बेतण्याआधी तो पुरवठा तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटन दाबताच वीज गेली पाहिजे, आणि हे बटन महिन्यातून एकदा दाबण्यास भाडेकरूलाही दाखवून ठेवावे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. सिडकोतल्या घरांवर नंतर मजले चढवून खोल्या भाड्याने दिलेल्या दिसतात. तेथे खालची जुनी तार आणि वर दोन-तीन गिझर अशी स्थिती असेल, तर आधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा आणि मगच नवा गिझर लावावा.

खोली गरम करणारा हीटर भाडेकरू स्वतः आणणार, हे गृहीत धरावे. तो एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नये आणि त्यावर कपडे वाळत घालू नयेत, इतके लिहून गिझरच्या बटनाशेजारी चिकटवावे. भाडेकरू परप्रांतातले असतील, तर हा कागद हिंदीतही असावा.

पाचवी पायरी : दारे आणि खिडक्या

पावसात फुगलेली लाकडी दारे ऑक्टोबरात पुन्हा आकसतात, त्यामुळे सुताराला जुलैत रंधा मारायला लावला तर हिवाळ्यात त्याच जागी बोटभर फट पडते. हे काम आताच करावे. दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी लावावी, सरकत्या खिडक्यांच्या कडेची झिजलेली केसाळ पट्टी बदलावी आणि तडकलेली काच नवी बसवावी. खर्च फार नसतो आणि भाडेकरूला त्याचा लाभ पहिल्याच रात्री जाणवतो. मात्र न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराची हवा जाण्याची वाट कधीही बंद करू नये. तेथे एक्झॉस्ट पंखा बसवून त्याचे बटन दिव्याच्या बटनाला जोडून द्यावे, म्हणजे दिवा लागला की पंखा फिरतोच आणि कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवण्यास सांगावे.

याच फेरीत कूलरमधले पाणी ओतून तो कोरडा करावा, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरची टाकी धुऊन घ्यावी. आणि चौकटींना वाळवी लागली आहे का, हे टोकदार वस्तूने टोचून पाहावे.

सहावी पायरी : कोणी काय करायचे, हे लिहून ठेवणे

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. हा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, त्यामुळे जून-जुलैत आलेल्या भाडेकरूचा हिवाळा मधल्या काळात येतो आणि तेव्हा नव्या अटी घालता येत नाहीत. म्हणून करार करतानाच लिहावे, की गिझरची वार्षिक सर्व्हिसिंग, वायरिंग, गळती आणि मुख्य नळकाम मालकाकडे. दिवे, नळांचे वॉशर आणि रोजची स्वच्छता भाडेकरूकडे. आणि न्हाणीघराची झडप किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करण्यास मनाई. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे कायद्याला मान्य नाही, हे येथे सांगून ठेवतो, कारण नव्या मालकांना शेजारी नेमका हाच उपाय सुचवतात.

झालेल्या कामाची बिले आणि छायाचित्रे भाडेकरूलाही पाठवावीत. करार संपताना अनामत रकमेतून भिंतीच्या डागाचे पैसे कापायचे की नाही हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा ऑक्टोबरातले छायाचित्र दोघांच्याही फोनमध्ये असलेले बरे.

शेवटची फेरी डिसेंबरात, कडाक्याच्या पहिल्या आठवड्यात, आधी कळवून संध्याकाळी मारावी. दहा मिनिटे पुरतात : न्हाणीघराच्या झडपा उघड्या आहेत का, गिझरची तार हाताला गरम लागते का, आरसीसीबीचे बटन चालते का आणि कोठे नवा रॉड किंवा शेगडी आली आहे का. आढळलेले सर्व तारखेसह वहीत लिहावे आणि त्याच पानावर मॅग्नेशियमचा दांडा शेवटचा कधी बदलला तेही लिहावे, कारण पुढच्या ऑक्टोबरात चांगला कारागीर पहिल्यांदा तेच विचारतो.